न दाबलेला लाल गोल

मीटरबाईचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होई. गजर लागत नसे. उठली की आधी पायांचं काम. जुन्या चादरीच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडून ठेवलेल्या असत, त्या पलंगाच्या कडेला बसून घोट्यांना बांधायच्या. प्रत्येक पायाला सात वेढे. सहा घेतले तर दुपारी घोटा डगमगतो, आठ घेतले तर बोटं बधिर होतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कामाच्या पहिल्या वर्षी दोनदा पाय मुरगळून घेऊन शिकली होती.

पलीकडच्या खाटेवरून नणंदेचा आवाज येई.

"वहिनी, दिवा लाव. अंधारात बांधतेस आणि दिवसभर लंगडतेस."

"तुम्ही झोपा हो, वन्सं."

"झोपून काय करू? डोळे मिटले काय नि उघडले काय, फरक उरलाय थोडाच."

असं म्हणून ती स्वतःच हसे. मीटरबाईला हसू येत नसे.

नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याची ही थोरली बहीण, लग्न न झालेली, मीटरबाईजवळच राहिली. घरी बसून शर्टांना काजं करी, दिवसाला शंभर-सव्वाशे. तिला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं होतं, की हा रोग नजर कडेकडून खातो, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं. म्हणून नणंद सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवी आणि त्याच मिनिटाला उठून दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेई. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली वाचवायची तर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन वर्षाच्या आत व्हायला हवं होतं. त्याचा खर्च ऐकल्यावर दोघी दवाखान्यापासून घरापर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

मीटरबाईनं बावीस वर्षं विजेचे मीटर वाचले होते. दिवसाला एकशेचाळीस. मीटर कधी दर्शनी भागात नसतात. जिन्याखाली, तळघरात, मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांमागे, जिथं मालकसुद्धा वर्षातून एकदा जातो तिथं ती महिन्यातून एकदा जाई. शहराची पुढची बाजू सगळ्यांना माहीत असते, मागची बाजू तिला पाठ होती. मग स्वतःचा आकडा स्वतःच कळवणारे मीटर आले आणि तीनशे माणसांचे पाय एका महिन्यात बिनकामाचे झाले. नाव तेवढं मागे राहिलं. गल्लीत तिला मीटरबाईच म्हणत.

पुढची दीड-पावणेदोन वर्षं तिनं एका मोठ्या दुकानातल्या फरशा पुसल्या. मग नकाशाच्या कंपनीत चालणारी माणसं हवी आहेत असं कळलं. ही कंपनी मोबाइलवरचा नकाशा करी, रस्ता दाखवणारा, बोलणारा. नकाशा बरोबर आहे की नाही हे यंत्रं पाहत. पण तो हातात धरून चालणाऱ्या माणसाला कळतो की नाही, हे यंत्राला समजत नाही. त्यासाठी नऊ चालणारे ठेवले होते. मीटरबाई चार नंबर. गळ्यात दोन मोबाइल, हातात एक, रोज बारा ते चौदा किलोमीटर. पगार फरशा पुसण्यापेक्षा थोडा बरा. पण खरी गोष्ट वेगळी होती. सहा महिने भरले की माणूस कायम होई, आणि कायम माणसाच्या घरातल्यांची ऑपरेशनं कंपनी करून देई. घरातली म्हणून तिनं नणंदेचं नाव पहिल्या दिवशीच लिहून दिलं होतं. त्या सहा महिन्यांसाठी ती चालत होती.

कंपनीची जागा टायरच्या गोदामावर होती, चार खोल्या, जिन्यापर्यंत रबराचा वास. हजेरी घेणाऱ्या साहेबाचं पद काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. माणसं मोजतो आणि उशीर झाला की घड्याळ दाखवतो, म्हणून चालणाऱ्यांनी त्याला मुकादम करून टाकलं होतं. आणि स्क्रीनवर कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं हे ठरवणारी एक तिशीतली मुलगी होती. ती बटणवाली.

घरी हे नाव ऐकून नणंद म्हणाली, "बरंय की. तिची बटणं, माझी काजं. कधी जमलं तर शर्ट काढू दोघी मिळून."

पहिल्या दिवशी बटणवालीनं नऊ जणांना समोर बसवून काम समजावलं होतं.

"मोबाइल म्हणेल तिथंच वळायचं. तुम्हाला रस्ता माहीत असला तरी माहीत नाही असं समजायचं. आणि जिथं क्षणभरसुद्धा 'इकडे की तिकडे' असं होईल, तिथं हा खालचा लाल गोल दाबायचा. तुम्ही पोहोचलात की नाही यात मला फारसा रस नाही. कुठे अडखळलात ते मला हवंय."

आठ नंबरचा चालणारा पूर्वी खानावळीत वाढपी होता. तो म्हणाला, "म्हणजे डोकं घरी ठेवून यायचं?"

"हो काका. पाय तेवढे आणा."

सगळे हसले. मीटरबाईही हसली. शब्द तिला सगळे कळले, पण ते तिच्या हाडात उतरले नाहीत. बावीस वर्षं ज्या खात्यात काढली तिथं 'मीटर सापडला नाही' असं लिहिणाऱ्याचा अर्धा दिवस कापत. अडखळणं म्हणजे कामचुकारपणा, हे तिच्या अंगात मुरलेलं. बोट लाल गोलावर नेणं तिला चारचौघांत हात वर करून 'मला येत नाही' म्हणण्यासारखं वाटे. बाकीचे दिवसाला तीस-चाळीस वेळा तो गोल दाबत. मीटरबाई दोनदा. कधी एकदाही नाही.

"मावशी, तुम्ही कुठेच अडखळत नाही?" बटणवाली दर आठवड्याला विचारी.

"अडखळले असते तर बावीस वर्षं बिलं कशी निघाली असती?"

मुकादम खूश होता. चार नंबरचा कागद स्वच्छ, असं तो इतरांना सुनवी.

आणि असं नव्हे, की तिच्यामुळे काही सुधारलं नाही. उन्हात स्क्रीनवरची निळी रेघ दिसत नाही हे तिनं सांगितलं, रेघ जाड झाली. एका हातात पिशवी असली तर अंगठा वरच्या बटणापर्यंत जात नाही हे तिनं हातात पिशवी घेऊन दाखवलं, बटण खाली आलं. मोबाइल म्हणे, 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.' ती बटणवालीला म्हणाली, "पोरी, दोनशे मीटर म्हणजे किती ते माझ्या पायांना कळतं. तुझ्या आईला कळेल का? तिसरी गल्ली म्हण." आठवड्यात मोबाइल 'तिसरी गल्ली' म्हणायला लागला. ही सगळी दुसऱ्यांच्या अडचणींची कामं होती, ती तिनं चोख केली. स्वतःची अडचण मान्य करायची वेळ आली की बोट थांबे.

मोठ्या इमारतींसाठी त्या नकाशात एक जास्तीची स्क्रीन होती. कोणत्या दाराशी जायचं आहे, असा प्रश्न ती विचारी. घाईतली माणसं त्या प्रश्नावर वैतागत. बटणवालीनं चालणाऱ्यांचे कागद दोन महिने चाळले. मोठ्या इमारतींच्या कागदांत कुठल्याच दाराशी अडचण नव्हती; ते कागद बहुतेक चार नंबरचे होते, हे तिनं पाहिलं नाही. मग विचारायचं कशाला? तिनं प्रश्न काढून टाकला. नकाशा आता जवळचं दार आपणच निवडू लागला.

तिसऱ्या महिन्यातला एक मंगळवार, सकाळचे साडेअकरा. मीटरबाईच्या वाट्याला एक प्रसूतिगृह आलं. इमारत दोन रस्त्यांच्या मधे, वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. दर्शनी फाटक वरच्या रस्त्याला. नकाशाचा बाण तिला खालच्या रस्त्यानं घेऊन गेला, कारण इमारतीचा मधला बिंदू त्या रस्त्याला जवळ होता. निळा ठिपका भिंतीला जाऊन चिकटला. मोबाइल म्हणाला, 'तुम्ही पोहोचलात.'

समोर सात फूट भिंत. भिंतीत एक लोखंडी दार, भिंतीच्याच करड्या रंगाचं, बाहेरून कडी नाही, मूठ नाही. मीटरबाईचा हात आपोआप वर गेला. दोन ठोके, थांबून एक. आतून बोल्ट सरकला.

"अरे, मीटरबाई!" म्हातारा पहारेकरी म्हणाला. "मला वाटलं तुमचं खातं बुडालं."

"खातं बुडालं. मी तरंगतेय."

"या, या. मीटरला हात लावू नका, आता तो शहाणा झालाय."

मीटरच्या खोलीवरून, सात पायऱ्या चढून, ती थेट आतल्या व्हरांड्यात पोहोचली. भिंतीपासून व्हरांड्यापर्यंत एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं लिहिलं: 'पोहोचले. अडथळा नाही.' लाल गोलाकडे बोट गेलंच नाही. जायचं कारणच तिला दिसलं नाही. ते दार तिच्यासाठी बावीस वर्षं उघडत आलं होतं.

तिच्या पायांची वाट नकाशानं शिकून घेतली. त्या भिंतीतून माणसं आत जातात, असं त्यानं धरलं.

पाचवा महिना संपल्यावर, एका बुधवारी सकाळी, मुकादमानं सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं. तक्रार आली होती. नऊ ओळींची. तो उभ्यानं वाचू लागला आणि चौथ्या ओळीला खुर्चीवर बसला.

लिहिणारा माणूस शहरात नवा होता. बायकोला कळा सुरू झाल्या, भर दुपार, त्यानं गाडी केली आणि मोबाइल सांगेल तसा गेला. खालच्या रस्त्याला मोबाइल म्हणाला पोहोचलात. गाडीवाला पैसे घेऊन निघून गेला. त्यानं लोखंडी दार हातांनी, मग दगडानं वाजवलं. आत कुणी नव्हतं. म्हातारा पहारेकरी महिन्यापूर्वी निवृत्त झाला होता, त्या दाराला आता माणूसच नव्हता. 'माझी बायको त्या भिंतीला टेकून उभी होती,' असं सहाव्या ओळीत लिहिलं होतं. ते पायी वळसा घालून वरच्या फाटकाशी गेले तोवर पंचवीस मिनिटं गेली. बायको वाचली. बाळ पोटातच गेलं.

"दाराचा प्रश्न काढायचा निर्णय कुणाचा?" मुकादमानं विचारलं.

"माझा," बटणवाली म्हणाली.

"कशाच्या जोरावर?"

"कागदांच्या. मोठ्या इमारतींच्या दारांशी कुणीच अडखळलं नव्हतं. त्या दारातूनही नंतर कुणीतरी न अडखळता आत गेलंय. माझ्याकडे नोंद आहे."

"कुणी?"

"ते आता कळणार नाही. कोण कुठून चाललं ते आपण तीस दिवसांनी पुसतो. वाट तेवढी राहते."

मुकादमानं नऊ जणांवरून नजर फिरवली. आठ नंबरनं मान हलवली, बाकीच्यांनीही. मीटरबाई आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसली.

"मग जबाबदारी तुमचीच," मुकादम बटणवालीला म्हणाला. "सोमवारी वरून निर्णय येईल, तोवर नकाशाला कुणी हात लावायचा नाही. टेबल आवरायला लागलात तरी चालेल."

मीटरबाईचे सहा महिने पुरे व्हायला चोवीस दिवस राहिले होते.

ती त्या दिवशी तेरा किलोमीटर चालली. गुरुवारी तेवढीच, शुक्रवारी चौदा. लाल गोल तिनं तीन दिवसांत एकशेसहा वेळा दाबला. मुकादम म्हणाला, "काय बाई, मोतीबिंदू झाला की काय तुम्हाला?"

विजेच्या खात्यात खोडरबर बाळगायला बंदी होती. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. एका धोबिणीच्या बिलात सहाच्या जागी आठ लिहिला गेला होता, तर मीटरबाई सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पायांनी परत गेली होती, एका आकड्यासाठी. ते तिला फार मोठं वाटलं नव्हतं. काम नीट करायचं तर तेवढं करावंच लागतं.

रविवारी जेवणं झाल्यावर ती नणंदेला म्हणाली, "वन्सं, माझ्याबरोबर चला. थोडं काम आहे."

"मला घेऊन? आंधळी कोशिंबीर खेळायची आहे का?"

"चला तर."

बसथांब्यावर उतरून तिनं नणंदेच्या हातात मोबाइल दिला. "यातली बाई सांगेल तसं चालायचं. मी मागे आहे, पण मी नाहीच असं समजा. काही विचारायचं नाही."

"नणंदेला सासू मिळाली म्हणायची," नणंद म्हणाली आणि मोबाइल नाकासमोर धरून निघाली.

ती नीट चालली. मोबाइल तिसरी गल्ली म्हणाला, तिनं बोटं दुमडून तीन गल्ल्या मोजल्या. जाड निळी रेघ तिला दिसत होती. "बाई चांगली बोलते गं ही. तुझ्यासारखी तोडून टाकत नाही." सहाशे चाळीस पावलं झाली. मोबाइल म्हणाला, 'तुम्ही पोहोचलात.'

नणंदेनं हात पुढे केला. तळवा तापलेल्या भिंतीला लागला. तिनं तो मागे घेतला.

"कुठे पोहोचलो? इथं भिंत आहे."

नणंद भिंत चाचपत सरकली. हाताला लोखंड लागलं. तिनं कडी शोधली, वर, खाली, मधे. "मूठ कुठाय याला?" तिनं वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. "उघडत नाही त्याला दार कशाला म्हणायचं? वहिनी, आता?"

"तुम्हाला वाटेल ते करा."

मोबाइल गप्प होता. त्याच्या मते काम झालेलं होतं. नणंद आधी डावीकडे गेली. दोनशे पावलांवर रस्ता नाल्याच्या कठड्याशी संपला, कठडा तिच्या गुडघ्याला लागल्यावर तिला कळलं. परत आली. मग उजवीकडे, पुलापर्यंत, पुलावरून वर, वरच्या रस्त्यानं मागे. फाटक आलं तेव्हा मीटरबाईनं घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं. अंगात कळा नसताना.

फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर नणंद बसली. गुडघा चोळत म्हणाली, "आता सांग. हे काय होतं?"

मीटरबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत.

नणंदेनं विचारलं, "कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर."

"सांगायला हवं, वन्सं."

"का? सांगून ते पोर परत येणारे?"

"नाही."

"कायम व्हायला किती दिवस राहिलेत?"

"वीस."

"वीस दिवस तोंडाला कुलूप लावता येत नाही तुला? एरवी तर दोन-दोन दिवस बोलत नाहीस." तिचा आवाज चढला, मग खाली आला. "त्या मुलीला दुसरी नोकरी मिळेल. तरणी आहे, शिकलेली आहे. मला दुसरे डोळे मिळणार आहेत का?"

मीटरबाईनं तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"तुझं मन हलकं करायला माझे डोळे का? मी काय केलंय? मी त्या दारातून गेले होते?"

"नाही."

"मग सांगू नकोस."

नणंदेचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. दोघी बसनं घरी आल्या. नणंद पुढच्या बाकावर बसली, मीटरबाई मागच्या.

सोमवारी ती वेळेआधी वीस मिनिटं कंपनीत पोहोचली. मुकादम आला तेव्हा तिनं त्याच्या टेबलावर दोन कागद ठेवले. पहिल्यावर लिहिलं होतं: चार नंबर, तिसरा महिना, मंगळवार, प्रसूतिगृह. त्याखाली 'पोहोचले. अडथळा नाही.' त्यावर एक रेघ. रेघेच्या वर: 'पोहोचले नाही. दार बाहेरून उघडत नाही. पहारेकरी ओळखीचा होता म्हणून उघडलं.' शेजारी सही.

"आणि हा दुसरा?" मुकादमानं विचारलं.

"अशीच आणखी अकरा दारं आहेत. काल आठवून लिहिली. बँकेच्या तळघराचा उतार आहे, शाळेच्या मागचा जिना आहे. सगळी मला उघडतात. दुसऱ्याला उघडतील असं नाही."

मुकादमानं दोन्ही कागद वाचले. उठून खोलीचं दार लोटलं. हा माणूस वाईट नव्हता, हजेरी घेऊन घेऊन कोरडा पडला होता एवढंच.

"बाई, तुम्हाला कळतंय का काय लिहिलंय ते? एकोणीस दिवस राहिलेत तुमचे."

"मोजलेत मी."

"ही अकरा दारं मी गुपचूप दुरुस्त करून घेतो. हा पहिला कागद मी पाहिलाच नाही." त्यानं तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "घ्या. पर्समध्ये ठेवा."

"मग बटणवालीचं काय?"

त्यानं खांदे उडवले.

तिनं कागद उचलला नाही. दोघांच्या मधे तो तसाच पडून राहिला. शेवटी मुकादमानं तो ओढून घेतला आणि टेलिफोनकडे हात नेला.

दुपारी दोनपर्यंत सगळं उरकलं होतं. प्रसूतिगृहाची खूण वरच्या फाटकावर गेली. दाराचा प्रश्न नकाशात परत आला. बटणवाली राहिली. चार नंबरची चाल बंद झाली. पाच महिने अकरा दिवस. मोबाइल तिन्ही परत घेतले, गळ्यातला पट्टासुद्धा.

जिन्यात बटणवाली आडवी आली. डोळे लाल.

"मावशी, मी तुम्हाला दर आठवड्याला विचारत होते."

"विचारत होतीस."

"एकदा. तो गोल फक्त एकदा दाबला असतात ना..." तिनं बाहीनं डोळे पुसले. म्हणाली, "मला तुमचे आभार मानता येत नाहीयेत."

"मागितलेत कुठे?"

मीटरबाई जिना उतरली. टायर उतरवणारा एक हमाल पायरीवर बसला होता, त्यानं पाय आखडून वाट दिली.

पुढे आठ नंबर एकदा बाजारात भेटला. म्हणाला, आता चालणाऱ्यांच्या कागदावर एक नवी ओळ आली आहे. 'दार कुणी उघडलं?' प्रत्येक इमारतीला ती भरावी लागते. "डोक्याला ताप करून ठेवलात, बाई," तो म्हणाला, आणि तिची जड पिशवी कोपऱ्यापर्यंत घेऊन आला.

ती पुन्हा फरशांवर गेली. त्याच दुकानात, पूर्वीच्यापेक्षा कमी पैशांत, कारण आता वय वाढलं होतं. चालायला लागत नव्हतं, पण गुडघ्यांवर बसावं लागे, आणि गुडघ्यांना सात वेढे घेऊन काही उपयोग नसतो.

घरात नणंद कामापुरतं बोले. मीठ कुठे आहे, पाणी गेलं का, एवढंच. काजांचे पैसे येत ते ती डब्यात टाकी, पूर्वीसारखेच. एकदा मात्र तिनं एका शर्टाला काज दोन बोटं बाजूला केलं. सुई नेहमीसारखी ओवली गेली होती, पण डावीकडची कापडाची कड तिला दिसलीच नव्हती. दुकानदारानं तो शर्ट परत पाठवला. नणंदेनं तो उसवला, पुन्हा शिवला, मीटरबाईला दाखवला नाही. मीटरबाईनं पाहिला.

वर्ष संपायला सहा आठवडे असताना दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. नकाशाच्या कंपनीचा पाच महिने अकरा दिवसांचा पगार मीटरबाईनं जवळजवळ तसाच ठेवला होता. तेव्हा घर काजांवर चाललं होतं, नंतर काजांवर आणि फरशांवर. रुमालात बांधलेली ती रक्कम एका डोळ्याच्या ऑपरेशनला पुरत होती. दुसऱ्याला लागणारे पैसे वर्षाच्या आत उभे राहणार नव्हते, आणि तो डोळा थांबणार नव्हता.

डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं.

"आधी कुठला करू या? डावा की उजवा?"

"आधी नाही," नणंद म्हणाली. "एकच. उजवा लिहा."

डॉक्टरांनी मीटरबाईकडे पाहिलं. मीटरबाईनं रुमालाची गाठ सोडली.